तुरीवरचं निळं फुलपाखरू

आज बोलूया आपल्याच वावरात राहणाऱ्या एका फुलपाखराबद्दल. बुलडाणा जिल्ह्यात सोयाबीन निघालं की मधली तूर मोकळी होते, फुलोऱ्यावर येते. तेव्हा पिवळ्या फुलांभोवती एक चिमुकलं निळं फुलपाखरू भिरभिरताना दिसतं. त्याचं नाव पी ब्लू, शास्त्रीय नाव लॅम्पिडिस बोएटिकस. पंख पूर्ण पसरले तरी जेमतेम तीन सेंटीमीटर!

नर वरून जांभळट निळा. मादी तपकिरी, निळा रंग फक्त पंखांच्या मुळाशी. बसताना पंख मिटले की निळाई गायब. खालून दिसतात फिकट तपकिरी आणि पांढऱ्या नागमोडी रेघा. मागच्या पंखांना दोऱ्यासारख्या बारीक शेपट्या असतात, शेजारी काळे ठिपके. बसल्या बसल्या हे पंख ते वरखाली घासतं. मग शेपट्या मिशांसारख्या हलतात आणि ठिपके डोळ्यांसारखे वाटतात. पक्षी त्यालाच डोकं समजून चोच मारतो. पंखाचा तुकडा जातो, पण जीव वाचतो.

आता कामाची गोष्ट. मादी कळ्यांवर एकेक अंडं घालते. अळी कळ्या-फुलं खाते, शेंग पोखरून कोवळे दाणेही खाते. तिच्या पाठीवरच्या ग्रंथीतून गोड रस पाझरतो. तो चाटायला मुंग्या येतात आणि त्यांच्या वर्दळीमुळं अळीच्या शत्रूंना जवळ येणं अवघड जातं.

म्हणजे नुकसान होतं, हे खरं. मग निळं फुलपाखरू दिसलं की लगेच पंप पाठीवर घ्यायचा का? मी म्हणेन, थांबा, आधी अळी ओळखा. तुरीचे मोठे शत्रू तीन: घाटे अळी, पिसारी पतंग आणि शेंगमाशी. घाटे अळी अर्धी शेंगेत, अर्धी बाहेर दिसते. पिसारी पतंगाची अळी बारीक, केसाळ. शेंगमाशीची अळी शेंगेच्या आतच असते. पी ब्लूची अळी मात्र बुटकी, चपटी, डोकं अंगाखाली लपवलेली.

घाटे अळीसाठी कामगंध सापळे लावा. एका सापळ्यात रोज ८ ते १० पतंग सलग दोन-तीन दिवस सापडले, तर फवारणीचा विचार करा. नुसती फुलपाखरं पाहून औषध मारलं तर पैसा जातो, शिवाय मधमाश्या आणि अळ्या खाणारे मित्रकीटकही मरतात.

गंमत म्हणजे हेच फुलपाखरू आफ्रिकेत, युरोपात, ऑस्ट्रेलियातही आहे. २०१३ च्या उन्हाळ्यात तर समुद्र ओलांडून ते मोठ्या संख्येनं इंग्लंडला पोचलं होतं. आपल्याकडं तूर नसली तरी ताग, रानातला खुळखुळा, पळसाची फुलं यांवर त्याचं भागतं.

मोबाइल तर हातात असतोच. पुढच्या वेळी तुरीत गेलात की शेंगेजवळ वाका, अळीचा स्पष्ट फोटो काढा आणि औषध आणण्याआधी तो सहायक कृषी अधिकाऱ्यांना दाखवा. भेटू पुढच्या भागात!