ब्रुकलिनचा नृत्यवर्ग

‘डान्स फॉर पीडी’ हा पार्किन्सन्स झालेल्यांसाठीचा नृत्यवर्ग 2001 मध्ये न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात सुरू झाला. ब्रुकलिन पार्किन्सन ग्रुप हा मदतगट चालवणाऱ्या ओली वेस्टहायमर यांनी मार्क मॉरिस डान्स ग्रुप या व्यावसायिक नृत्यसंस्थेकडे तशी मागणी केली. पाऊल कुठे टाकायचे, भार कोणत्या पायावर घ्यायचा, याचा विचार नर्तक सतत करतो. पार्किन्सन्स झालेल्या माणसालाही आता तोच विचार करणे भाग असते. तेव्हा शिकायचे तर नर्तकांकडूनच शिकावे, असे त्यांचे म्हणणे होते. उपचार नको, खराखुरा नृत्यवर्ग हवा, हा त्यांचा आग्रह. संस्थेतले डेव्हिड लेव्हेंथल आणि जॉन हेगिनबॉथम हे नर्तक शिकवू लागले. लेव्हेंथल यांनी तर पुढे रंगमंच सोडून याच कामाला वाहून घेतले.

जेम्स पार्किन्सन या लंडनच्या डॉक्टरांनी 1817 मध्ये या आजाराचे वर्णन केले. मध्यमेंदूतल्या डोपामिन तयार करणाऱ्या पेशी त्यात हळूहळू नष्ट होतात. लोकांच्या डोळ्यांत भरतो तो हाताचा कंप. पण माणसाला खरे बेजार करते ती मंदावलेली हालचाल. स्नायू ताठरतात, अक्षर बारीक होत जाते, आवाज खाली जातो, चेहऱ्यावरचे भाव पुसट होतात. चालणे, वळणे, खुर्चीतून उठणे या एरवी आपसूक होणाऱ्या गोष्टी ठरवून कराव्या लागतात. दाराच्या उंबऱ्याशी आल्यावर काहींचे पाय जागीच खिळतात. अशा वेळी जमिनीवरची आडवी रेघ, मोठ्याने मोजलेले आकडे किंवा गाण्याचा ठेका मदतीला येतो. आतून न उठणारी हालचाल बाहेरच्या इशाऱ्याने सुरू होते.

ब्रुकलिनच्या वर्गाची सगळी आखणी या इशाऱ्यावर उभी आहे. वर्ग साधारण सव्वा तासाचा असतो. सुरुवात खुर्च्यांवर गोलाकार बसून होते. पियानो प्रत्यक्ष वाजत असतो, त्यामुळे कोणी मागे पडले की वादकाला लय सैल करता येते. आधी हात, खांदे आणि पाठीचा कणा. हात इतके लांब पसरायचे की बोटांची टोकेसुद्धा ताणली जावीत, कारण या आजारात हालचाल नकळत आखडत जाते. मग खुर्चीच्या पाठीला किंवा दांड्याला धरून उभे राहायचे, भार एका पायावरून दुसऱ्या पायावर न्यायचा आणि शेवटी खोलीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ठेक्यावर चालत जायचे. मार्क मॉरिस यांच्या नृत्यरचनांमधले तुकडेही शिकवले जातात. समारोपाला सगळे हात धरून कडे करतात आणि एकाने शेजाऱ्याला केलेले अभिवादन हातोहात फिरत पुढे जाते. सोबत आलेली पत्नी, नवरा, मुलगी हेही त्याच कड्यात असतात. कोण आजारी आणि कोण सोबतीला आले आहे, हे तेवढा वेळ कोणी विचारत नाही. या वर्गाची खरी कमाई हीच.

व्यायामाचा उपयोग आता अभ्यासांतूनही दिसला आहे. ताई ची या व्यायामप्रकारामुळे तोल सुधारतो आणि पडणे कमी होते, असे अमेरिकेत 195 जणांवर झालेल्या आणि 2012 मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत आढळले. नृत्यावरचे अभ्यास मात्र लहान आहेत. त्यांत तोल आणि चालणे सुधारल्याचे दिसते. आजार थांबतो, असा दावा त्यावरून करता येत नाही. औषधाची जागा नृत्य घेत नाही. पण एकट्याने घरी करायचा व्यायाम अनेकदा सुटतो आणि वर्गाला माणसे वर्षानुवर्षे येत राहतात. जन्मभराच्या आजारात ही गोष्ट फार मोलाची आहे.

हीच वाट पुण्यातही रुळली. समकालीन नर्तक हृषीकेश पवार यांनी पार्किन्सन्स झालेल्यांना नृत्य शिकवायला सुरुवात केली. पुण्याचे पार्किन्सन्स मित्रमंडळ आधीपासून सभा, व्याख्याने आणि सहली यांतून या कुटुंबांना एकत्र आणत होते. तिथे आजार झालेल्यांना शुभार्थी आणि त्यांची काळजी घेणाऱ्यांना शुभंकर म्हणतात. लोकांसमोर हात थरथरेल या संकोचाने जो लग्नकार्याला जाणे सोडतो, त्याला सगळ्यांचेच हात थरथरतात अशी खोली मिळाली की तो पुन्हा माणसांत येतो. रात्री-अपरात्री कूस बदलून द्यावी लागणाऱ्या जोडीदारालाही आपले गाऱ्हाणे तिथे मोकळेपणी सांगता येते.

वर्ग भरवताना काही पथ्ये पाळावी लागतात. औषधाचा अंमल चढलेला असतो ती वेळ निवडायची. खुर्च्या हातांच्या आणि न घसरणाऱ्या हव्यात, जमीन कोरडी आणि सतरंजीच्या कडांपासून मोकळी हवी. या आजारात उभे राहताच रक्तदाब उतरून भोवळ येऊ शकते, म्हणून उठताना घाई करायची नाही. एका वेळी दोन कामे सांगायची नाहीत. चालताना बोलणे टाळायचे. ज्याला उभे राहणे जमत नाही त्याच्यासाठी प्रत्येक हालचालीचा बसून करायचा पर्याय शिक्षकाकडे तयार असावा लागतो, आणि तोल जाणाऱ्याच्या शेजारी एक मदतनीस हवाच.