जळालेलं पुस्तक कोणाला पाठ आहे?

फ्रान्स्वा त्रुफोचा ‘फॅरनहाइट ४५१’ (१९६६) सुरू होतो तेव्हा पडद्यावर एकही नाव लिहिलेलं दिसत नाही. छपरांवरचे टीव्हीचे अँटेना एकामागून एक येत राहतात आणि कलाकार-तंत्रज्ञांची नावं एक आवाज वाचून दाखवतो. जिथे वाचणंच गुन्हा, तिथे श्रेयनामावली तरी लिहायची कोणासाठी? रे ब्रॅडबरीच्या कादंबरीत ही युक्ती नाही. ती सिनेमालाच सुचू शकते.

कादंबरी आली ऑक्टोबर १९५३ मध्ये. लॉस एंजेलिसच्या विद्यापीठातल्या ग्रंथालयाच्या तळघरात भाड्याचे टाइपरायटर होते, अर्ध्या तासाला दहा सेंट. नाणं टाकायचं आणि वेळ संपायच्या आत बडवत सुटायचं. पहिला खर्डा ९ डॉलर ८० सेंटांत झाला, असं ब्रॅडबरी सांगत असे.

नायक गाय माँटॅग हा बंबवाला. पण त्याचं काम आग लावायचं. कुठे पुस्तकं सापडली की घरासकट पेटवायची. ही गोष्ट आपल्या परभणीकडचा वाचक सहज निजामाच्या खात्यावर मांडतो. १९४८ पर्यंत परभणी हैदराबाद संस्थानात होती. १९२९ च्या गश्ती निशाण ५३ या हुकमामुळे साधी सभा घ्यायची तरी परवानगी काढावी लागे. उस्मानिया विद्यापीठाचं माध्यम उर्दू. अशा राज्यात मराठी वाचनालय चालवणं हे नुसतं वाचनालय चालवणं राहत नाही. त्यामुळे बंदी म्हटली की ती वरून येणार, हे आपल्या डोक्यात पक्कं बसलेलं.

ब्रॅडबरीचं म्हणणं नेमकं उलटं आहे. माँटॅगचा वरिष्ठ, कॅप्टन बीटी, त्याला सगळा इतिहास ऐकवतो. आधी लोकांनीच वाचायचं सोडलं. ग्रंथाचे सारांश झाले, सारांशाच्या चार ओळी झाल्या. या गटाला हे खटकतं, त्या गटाला ते, म्हणून एकेक पान गळत गेलं. सरकार सर्वांत शेवटी आलं, काडी घेऊन. माँटॅगच्या बायकोच्या दिवाणखान्यातल्या तीन भिंती टीव्हीच्या आहेत आणि तिला चौथी हवी आहे. कानात सदा बोलणारं एक यंत्र. १९५३ मध्ये लिहिलेलं हे वाचताना आज हात नकळत खिशातल्या मोबाईलकडे जातो.

चित्रपटात लोकांवरचा हा आरोप पातळ झाला आहे. त्रुफोने बरंच गाळलं: माग काढणारा यांत्रिक कुत्रा नाही, म्हातारा प्राध्यापक फेबर नाही, शहर बेचिराख करणारं युद्धही नाही. कादंबरीत लवकरच नाहीशी होणारी शेजारची मुलगी क्लॅरिस इथे शेवटपर्यंत जगते. तिची आणि माँटॅगच्या बायकोची, दोन्ही भूमिका जूली ख्रिस्तीच्या. ब्रॅडबरीला हे रुचलं नव्हतं. मला ते चित्रपटातलं सर्वांत धीट काम वाटतं. एकच चेहरा, एकदा वाचणारा आणि एकदा न वाचणारा. त्रुफोचा हा एकमेव इंग्रजी चित्रपट आणि त्याचं इंग्रजी यथातथाच होतं. संवाद लाकडी वाटतात ते त्यामुळेच.

पण पुस्तक ही वस्तू त्याने ज्या मायेने पाहिली, ती कादंबरीतही नाही. ज्वाळेत पानं एकेक करून वळतात, काळी पडतात, आणि कॅमेरा हलत नाही. माँटॅग रात्री चोरून ‘डेव्हिड कॉपरफील्ड’ उघडतो. उजेड टीव्हीच्या रिकाम्या पडद्याचा. पहिलीतल्या पोरासारखं अक्षरांवर बोट ठेवून तो मुखपृष्ठानंतरचं पान वाचतो, आणि त्यावर छापलेला मजकूर प्रकाशकासकट वाचतो, कारण काय सोडायचं हे त्याला ठाऊकच नाही. (२०१८ मध्ये रामीन बहरानीने याच कादंबरीवर पुन्हा चित्रपट केला. त्यात सगळं ज्ञान डीएनएत साठवलंय. बघितला नाही तरी चालेल.)

कादंबरी आणि त्रुफोचा चित्रपट, दोन्हींचा शेवट जंगलात होतो. तिथे एकेकाने एकेक पुस्तक पाठ केलं आहे. चित्रपटात दोन जुळे भाऊ आहेत, ‘प्राइड अँड प्रेज्युडिस’चे भाग पहिला आणि दुसरा. मरायला टेकलेला एक म्हातारा नात्यातल्या पोराकडून आपलं पुस्तक घोकून घेतो. बर्फ पडत असतो.

परभणीजवळच्या गंगाखेडच्या माणसाला यात नवल वाटायचं कारण नाही. जनाबाई तिथली, तिचे अभंग जात्यावर बसलेल्या बायांनी शतकानुशतकं तोंडी सांभाळले. त्याहून नेमकं उदाहरण महानुभाव पंथाच्या ‘लीळाचरित्रा’चं. चौदाव्या शतकाच्या सुरुवातीच्या धाडीत म्हाइंभटांची मूळ पोथी गेली आणि महानुभावांनी ती आठवणीतून पुन्हा लिहून काढली, असं परंपरा सांगते. पंथातल्या हिराइसेला ग्रंथ पाठ होता. पण आठवणारे अनेक निघाले आणि प्रत्येकाचं ‘लीळाचरित्र’ थोडं वेगळं झालं. त्यातलाच एक हिराइसा पाठ. ब्रॅडबरी आणि त्रुफो दोघांनीही हे गृहीतच धरलं नाही. त्यांच्या जंगलात एका पुस्तकाचा पाठ एकच, म्हणून पाठभेदाचं भांडणच नाही.

आणि छापील प्रत तरी कुठे एक राहते? १९६७ मध्ये प्रकाशकाने शाळांसाठी ‘फॅरनहाइट ४५१’ची स्वतंत्र आवृत्ती काढली आणि शिव्याबिव्या काढून सुमारे ७५ ठिकाणी मजकूर बदलला. १९७३ पासून बाजारात तीच एक आवृत्ती मिळत होती. ब्रॅडबरीला हे कळलं १९७९ मध्ये, आणि मूळ मजकूर परत आला पुढच्या वर्षी.