मुलाखतीची तयारी आणि भरती सल्लागाराशी व्यवहार

शिक्षण पूर्ण करून नोकरीच्या शोधात असलेला तरुण असो किंवा दहा वर्षांच्या अनुभवानंतर नोकरी बदलू पाहणारा कर्मचारी असो, मुलाखतीचे पत्र हाती पडताच दोघांच्याही मनात सारखीच धाकधूक सुरू होते. या धाकधुकीचे एक कारण म्हणजे मुलाखतीच्या हेतूविषयीचा गैरसमज. उमेदवाराचे विषयज्ञान लेखी परीक्षेतून वा पदवीतून बहुतांशी स्पष्ट झालेले असते. ही व्यक्ती प्रत्यक्ष काम कसे निभावेल, याचा अंदाज घेणे हा मुलाखतीचा मुख्य हेतू असतो.

बँकांच्या भरतीचे उदाहरण या दृष्टीने उद्बोधक आहे. आयबीपीएसमार्फत होणाऱ्या प्रोबेशनरी ऑफिसर पदाच्या सामाईक भरतीत अंतिम गुणवत्ता यादीसाठी मुख्य परीक्षा आणि मुलाखत यांचे प्रमाण ८०:२० असे धरले जाते. मुलाखतीचा वाटा लहान दिसत असला, तरी अंशात्मक गुणांच्या फरकाने निवड ठरते तेथे तो निर्णायक होतो. याउलट, केंद्र शासनाने कनिष्ठ पदांच्या मुलाखती १ जानेवारी २०१६ पासून बंद केल्या आणि बँकांच्या लिपिक भरतीतही आता मुलाखत नसते. ही साधी माहिती पुढे फसवणुकीच्या संदर्भातही उपयोगी पडते.

तयारी कशाची करावी?

पाठ केलेली उत्तरे अनुभवी परीक्षकाच्या तत्काळ लक्षात येतात. त्याऐवजी उमेदवाराने स्वतःच्या अर्जातील प्रत्येक ओळ पुराव्यानिशी स्पष्ट करता येईल अशी तयारी करावी. ‘संघभावना आहे’ असे लिहिले असल्यास ती दाखवणारा एक खरा प्रसंग आठवून ठेवावा. तो सांगताना परिस्थिती काय होती, आपल्यावर कोणती जबाबदारी होती, आपण नेमके काय केले आणि त्यातून काय निष्पन्न झाले, हा क्रम पाळावा. महाविद्यालयीन स्नेहसंमेलनाचा जमाखर्च चोख ठेवल्याचा अनुभवही असा सांगितल्यास मोलाचा ठरतो.

उत्तर येत नसल्यास तसे नम्रपणे सांगावे. ठोकून दिलेले चुकीचे उत्तर बँकेसारख्या विश्वासावर चालणाऱ्या व्यवसायात अज्ञानापेक्षा अधिक गंभीर मानले जाते. मागील नोकरी सोडण्याचे कारण विचारल्यास जुन्या वरिष्ठांची निंदा टाळावी. शेवटी ‘आपल्याला काही विचारायचे आहे का?’ असे म्हटले जाते, तेव्हा पदाच्या जबाबदाऱ्या, प्रशिक्षण व बदलीचे धोरण यांविषयी अवश्य विचारावे.

सल्लागार कोणाचा?

खासगी क्षेत्रात अनेक जागा भरती सल्लागारांमार्फत भरल्या जातात. त्यांचा मोबदला नोकरी देणारी कंपनी देते आणि तो बहुधा उमेदवाराच्या वार्षिक वेतनाच्या ठराविक टक्क्यांनी ठरतो. निवडलेला उमेदवार काही महिन्यांतच सोडून गेल्यास दुसरा देण्याची अटही पुष्कळदा असते. म्हणजे सल्लागाराचा खरा ग्राहक कंपनी आहे. हे ध्यानी घेतले की त्याच्याकडून कशाची अपेक्षा धरावी आणि कशाची नाही, हे कळते. कंपनीची गरज, मुलाखतीच्या फेऱ्या व वेतनाची मर्यादा ही माहिती तो देऊ शकतो. मात्र ही नोकरी स्वीकारणे आपल्या हिताचे आहे का, हा निर्णय उमेदवाराचाच असतो.

सल्लागाराला सध्याचे वेतन, नोटीसचा कालावधी आणि हाती असलेले अन्य प्रस्ताव खरे सांगावेत. पडताळणीत वेतनपत्रके व भविष्यनिर्वाह निधीच्या नोंदी तपासल्या जातात, तेव्हा फुगवलेला आकडा उघडा पडतो. एकाच कंपनीकडे दोन सल्लागारांमार्फत अर्ज जाऊ देऊ नये. मोबदला कोणाला द्यायचा हा वाद टाळण्यासाठी कंपनी अशा उमेदवाराचा विचारच सोडून देते. म्हणून आपला अर्ज कोणाकडे पाठविला जाणार आहे, हे आधी विचारून त्याची नोंद ठेवावी.

वेतनाचा आकडा कसा वाचावा?

वार्षिक ६ लाख रुपयांचा प्रस्ताव म्हणजे दरमहा ५०,००० रुपये हाती येतील, असे नाही. समजा, यात मूळ वेतन दरमहा २५,००० रुपये आहे. कामगिरीवर अवलंबून असलेले ५,००० रुपये, भविष्यनिर्वाह निधीतील कंपनीची १२ टक्के वर्गणी म्हणजे ३,००० रुपये आणि ग्रॅच्युइटीची सुमारे १,२०० रुपयांची तरतूद वजा जाता ४०,८०० रुपये उरतात. त्यातून कर्मचाऱ्याची स्वतःची ३,००० रुपयांची वर्गणी आणि महाराष्ट्रातील २०० रुपये व्यवसाय कर गेल्यावर हाती येतात ३७,६०० रुपये. प्राप्तिकर लागू असल्यास तो निराळा. गृहकर्जाचा हप्ता या शेवटच्या आकड्यावरून ठरवावा आणि लेखी नियुक्तिपत्र मिळाल्याखेरीज चालू नोकरीचा राजीनामा देऊ नये.

पैसे मागणारा ‘नियोक्ता’

नोंदणी, प्रशिक्षण, लॅपटॉपची अनामत अशा नाना कारणांनी उमेदवाराकडून पैसे उकळणाऱ्या टोळ्या बनावट नियुक्तिपत्रेही देतात. मुलाच्या नोकरीसाठी पालक मुदतठेव मोडतात आणि आयुष्यभराची पुंजी गमावून बसतात. बँकेच्या लिपिकपदासाठी ‘मुलाखतीत पास करून देतो’ म्हणणारा मनुष्य, जी मुलाखत होतच नाही, तिच्यासाठी पैसे मागत असतो. परदेशातील नोकरीसाठी मध्यस्थ नोंदणीकृत आहे की नाही, हे परराष्ट्र मंत्रालयाच्या ई-मायग्रेट संकेतस्थळावर पाहता येते.

आणखी एक प्रकार अधिक घातक आहे. ‘घरबसल्या काम’ म्हणून उमेदवाराच्या खात्यात रक्कम जमा केली जाते आणि थोडे कमिशन ठेवून उरलेली पुढे पाठविण्यास सांगितले जाते. ही रक्कम बहुधा दुसऱ्या कोणाची तरी लुबाडलेली असते. खाते गोठविले जाते आणि चौकशीला खातेदाराला सामोरे जावे लागते. म्हणून आपले खाते, एटीएम कार्ड वा ओटीपी कोणत्याही ‘नोकरी’साठी दुसऱ्याच्या हाती देऊ नये. फसवणूक झाल्याचे कळताच संकोच न करता १९३० या सायबर हेल्पलाइनवर व आपल्या शाखेत तत्काळ कळवावे. रक्कम पुढे वळती होण्यापूर्वी तक्रार पोहोचल्यास ती रोखली जाण्याची शक्यता असते.

योग्य नोकरी उमेदवाराची पात्रता पाहते, प्रश्न विचारते आणि वेळ घेते. प्रवेशाचे मोल मात्र मागत नाही. एवढी कसोटी घरातील प्रत्येक तरुणाला व त्याच्या पालकांना ठाऊक असली, तरी कष्टाची पुष्कळशी बचत सुरक्षित राहील.