'घरी न्या' म्हटल्यानंतर

कर्करोग हाताबाहेर गेला की रुग्णाच्या नातलगांना एक वाक्य हमखास ऐकावे लागते : 'आता करण्यासारखे काही राहिलेले नाही, घरी न्या.' ते उच्चारणाऱ्या डॉक्टरचा हेतू वाईट असतो, असे आम्ही म्हणणार नाही. मात्र त्या वाक्याला शास्त्राचा आधार नाही, हे इंग्लंडमधील एका विदुषीने साठ वर्षांपूर्वीच दाखवून दिले आहे.

सिसिली साँडर्स (१९१८–२००५) या मूळच्या परिचारिका. पाठीच्या दुखण्याने ते काम सुटले, तेव्हा त्या रुग्णालयातच समाजसेविका झाल्या. १९४८ साली पोलंडमधून आलेला डेव्हिड तास्मा हा निर्वासित ज्यू त्यांच्यासमोर कर्करोगाने गेला. मरणोन्मुखांसाठी निराळे घर असावे, ही कल्पना त्या दोघांच्या बोलण्यातून निघाली आणि त्यासाठी तो ५०० पौंड मागे ठेवून गेला. मरणाऱ्यांकडे डॉक्टरच पाठ फिरवितात, तेव्हा आधी डॉक्टर व्हा, असे एका शल्यविशारदाने सुचविले. बाई १९५७ साली, चाळिशीच्या उंबरठ्यावर, डॉक्टर झाल्या. सेवाभावाच्या कथा आपल्याकडे उदंड आहेत. साँडर्सबाईंनी वेदनेची नोंदवही ठेवली, हे त्यांचे वेगळेपण.

१९५८ पासून सात वर्षे लंडनच्या सेंट जोसेफ्स रुग्णाश्रमात त्यांनी हजाराहून अधिक रुग्णांच्या नोंदी केल्या. त्या काळी कळा असह्य होऊन रुग्णाने याचना केली म्हणजे मॉर्फिन टोचीत. चटक लागेल ही धास्ती असे. पोटात घेतलेल्या मॉर्फिनचा असर सुमारे चार तास टिकतो. तेव्हा कळ परतण्यापूर्वीच, घड्याळाप्रमाणे, पुढील मात्रा द्यावी, ही सेंट ल्यूक्समध्ये पाहिलेली रीत त्यांनी नोंदींच्या कसोटीवर घासली. रुग्ण गुंगीत न पडता बोलू-जेवू लागले. मात्रा सारखी वाढवीत नेण्याची पाळीही आली नाही. शिवाय वेदना एकट्या देहाची नसते. मनाची उलघाल, मागे राहणाऱ्यांची काळजी आणि 'हे माझ्याच वाट्याला का' हा प्रश्न, हे सारे तिच्यात कालवलेले असते, असा त्यांचा सिद्धांत होता. १९६७ साली सेंट क्रिस्टोफर्स उभे राहिले.

आपल्या देशात १९८६ साली मुंबईत 'शांती आवेदना' सुरू झाले. पुढे गोव्यात लोटली येथेही त्याची शाखा निघाली. १९९३ साली कालिकतच्या मंडळींनी हे काम घरोघरी नेले.

आणि तरीही विपर्यास पाहा! इंदूरकरांच्या शेजारी, नीमच-मंदसोरच्या शिवारात, सरकारी परवान्याने अफू पिकते; मॉर्फिन तिच्यातूनच निघते. गोऱ्या सरकारने हीच अफू चीनला विकून तिजोरी भरली. स्वतंत्र भारताने १९८५ साली अमली पदार्थांविरुद्ध कडक कायदा केला. हेतू रास्तच होता. परंतु परवान्यांच्या जंजाळाला आणि शिक्षेच्या भयाला कंटाळून औषधालयांनी मॉर्फिन ठेवणेच सोडले, आणि पुढील दहा-बारा वर्षांत त्याचा औषधी वापर शेकडा नव्वदाहून अधिक घटला. चोरट्या बाजाराला कायदा करूनही धक्का बसला नाही; हाल झाले ते खाटेवर तळमळणाऱ्याचे. संसदेने २०१४ साली दुरुस्ती करून गाठ सैल केली. पण पिढीच्या पिढी हे औषध न हाताळताच डॉक्टर झाली, त्यांच्या हातातील भीती दुरुस्तीने कशी जावी?

म्हणून आमची मागणी मोठी नाही. प्रत्येक जिल्हा रुग्णालयात मॉर्फिनच्या गोळ्या आणि त्या लिहून देण्यास शिकलेला निदान एक डॉक्टर असावा. रुग्णाला घरी पाठवायचेच असेल, तर गोळ्या, त्यांनी हटकून होणाऱ्या बद्धकोष्ठावर रेचक आणि चार-चार तासांचे वेळापत्रक त्याच्या मुलाच्या हाती द्यावे.