डोळ्यामागे नराची चरबी, मादीचा रंग

सकाळच्या पाळीच्या वेळी बोईसर स्टेशनबाहेर रिक्षा भरतात त्या तारापूर एमआयडीसीच्या दिशेने. तिथल्या कारखान्यांत रंग-रसायनांच्या जोडीला बल्क ड्रग, म्हणजे औषधांची मूळ द्रव्येही तयार होतात. कुठलेही नवे औषध माणसाच्या पोटात जाण्याआधी बहुधा उंदरांना दिले जाते. तो उंदीर नर होता की मादी, हा प्रश्न बाळबोध वाटतो खरा, पण उत्तर बरेच गुंतागुंतीचे आहे.

त्यासाठी सोनेरी हॅमस्टर या उंदरासारख्या प्राण्याच्या डोळ्यामागे डोकवावे लागते. तिथे हार्डेरियन नावाची ग्रंथी असते. योहान याकोब हार्डर या स्विस वैद्याने १६९४ मध्ये हरणात तिचे वर्णन केले, म्हणून हे नाव. मादीच्या ग्रंथीवर अतिनील प्रकाश टाकला की ती लालभडक चमकते, कारण तिच्यात पॉर्फिरिन हे रंगद्रव्य ठासून भरलेले असते. सूक्ष्मदर्शकाखाली नलिकांच्या पोकळीत त्याचे खडे साचलेले दिसतात. नराच्या ग्रंथीत असे खडे जवळजवळ नसतात. तिथे वेगळ्याच पेशी दिसतात, चरबीच्या टपोऱ्या थेंबांनी फुगलेल्या.

पॉर्फिरिनचा कच्चा माल म्हणजे ग्लायसिन, सर्वात साधे अमिनो आम्ल. एका पॉर्फिरिन कड्यासाठी ग्लायसिनचे आठ रेणू खर्ची पडतात. पहिली पायरी घडवणारे विकर मादीत कितीतरी अधिक सक्रिय असते. याच मार्गाने रक्तातले हीमही बनते. फक्त शेवटी लोह जोडले जाते.

हा फरक कायमचा कोरलेला नाही, हे विशेष. नराचे वृषण काढले की चरबीने फुगलेल्या पेशी ओसरतात आणि ग्रंथीत रंग साचू लागतो. उलट मादीला टेस्टोस्टेरॉन दिले की तिची ग्रंथी नराच्या वळणावर जाते. रिॲक्टर तोच, पण बॅच वेगळी निघते!

औषधाच्या दृष्टीने मोठी ग्रंथी म्हणजे यकृत. १९३२ साली निकोलस आणि बॅरन या संशोधकांना दिसले, की सोडियम अमायटल हे गुंगीचे औषध मादी उंदराला नराच्या निम्म्या मात्रेत पुरते. नराचे यकृत अशी औषधे झपाट्याने मोडते. यामागची एक किल्ली मेंदूच्या तळाशी असलेल्या पियुषिका ग्रंथीत सापडली. नर उंदरात तिच्यातून वाढीचे संप्रेरक साधारण तीन-साडेतीन तासांनी उसळून येते, मादीत ते बरेचसे सलग पाझरते. त्या तालावर यकृतातली औषधे मोडणारी विकरेच नव्हे, तर चरबीचा कारभारही बदलतो.

तरीही मूलभूत संशोधनात अनेक वर्षे नरांचीच चलती होती. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत, मेंदूविज्ञानात फक्त माद्यांवरच्या एका अभ्यासामागे फक्त नरांवरचे साडेपाच अभ्यास आढळले. माद्यांचे ऋतुचक्र चार-पाच दिवसांचे, त्यामुळे आकडे डळमळतात, ही ठरलेली सबब. २०१४ मध्ये २९३ शोधनिबंध तपासले गेले, तेव्हा माद्यांचे आकडे नरांपेक्षा जास्त डळमळीत नसल्याचे दिसले.

औषधसुरक्षेच्या चाचण्यांत मात्र सहसा दोन्ही घेतले जातात. माणसात हार्डेरियन ग्रंथी अवशेषापुरतीच उरली आहे. पण रबर उद्योगातले आयसोप्रीन हुंगवलेल्या उंदरांच्या या ग्रंथीत गाठी आढळल्या होत्या. त्यामुळे अशा चाचण्यांत तिचेही काप तपासले जातात आणि नर-माद्यांची नोंद वेगवेगळी ठेवली जाते.