गारी भाजणाऱ्यांच्या गावाला, खडकीमार्गे

खडकीचं नाव निघालं की बोलणं ५ नोव्हेंबर १८१७ च्या लढाईवर जातं, नाहीतर १८६९ पासून चालू असलेल्या दारूगोळ्याच्या कारखान्यावर. मुळा रस्त्यावरच्या युद्ध-दफनभूमीचा विषय क्वचित निघतो. दुसऱ्या महायुद्धातल्या १,६६८ जणांच्या कबरी तिथे आहेत आणि पहिल्या महायुद्धातल्या १,८०० हून अधिक जणांचं स्मारकही तिथेच आहे. आत आलेला माणूस हिरवळीवरून इंग्रजी नावं वाचत फिरतो, मरणाऱ्याचं वय पाहून हळहळतो आणि परततो.

पण याच आवारात आणखी १९३ नावं आहेत. पूर्व आणि पश्चिम आफ्रिकेतून ब्रिटिश सैन्यात आलेली ही माणसं हिंदुस्थानच्या भूमीवर, लढाईच्या मैदानापासून दूर वारली. कुणाची कबर सापडली नाही, कुणाची होती पण तिथे तिची निगा राखणं शक्य नव्हतं. म्हणून खडकीत त्यांची फक्त नावं आहेत. नायजेरिया, गोल्ड कोस्ट, सिएरा लिओन, केनिया, न्यासालँड असे देश त्या काळी नकाशावर गुलाबी रंगात असत. कुदळ-कोयता टाकून आलेल्या या पोरांचं गाव कसं असेल, असा प्रश्न नावं वाचताना पडावा. यातला एक मुलूख तरी जवळून पाहण्यासारखा आहे, तो म्हणजे नायजेरियाच्या नैर्ऋत्येचा योरुबा प्रदेश.

आधी सैन्याची गोष्ट, कारण गावाची वाट तिच्यातूनच जाते. पश्चिम आफ्रिकेच्या दोन डिव्हिजन ब्रह्मदेशाच्या लढाईसाठी इकडे आणल्या, ८१ वी आणि ८२ वी. पैकी ८१ वी १९४३ च्या ऑगस्टपासून मुंबई बंदरात उतरू लागली. नायजेरियाच्या पायदळात उत्तरेकडचे हौसा लोक जास्त. दवाखाने, हिशेब आणि वाहनं यांसाठी मिशनच्या शाळांत शिकलेली दक्षिणेची पोरं घेतली जात, आणि त्यांत योरुबा बरेच. ब्रह्मदेशातल्या आराकानच्या कालादान खोऱ्यात खेचरंसुद्धा चालेनात, तेव्हा ८१ व्या डिव्हिजनने सामान डोक्यावर वाहिलं. वरून विमानं पुरवठा टाकत आणि खाली माणसं ओझी उचलत. त्याआधी पाऊणशे मैलांचा जीपचा रस्ता त्यांनीच फावड्या-कुदळींनी काढला होता. ८२ व्या डिव्हिजनच्या बिल्ल्यावर दोन तिरके भाले होते आणि ते ज्या कड्यातून गेलेले दाखवले होते ती ओझेवाल्याची चुंबळ होती. चुंबळ लष्करी बिल्ल्यावर चढल्याचं दुसरं उदाहरण आठवत नाही.

आयझॅक फादोयेबो हा ८१ व्या डिव्हिजनमधला एक. ओवो शहराजवळचं एमुरे-इले हे त्याचं गाव आज नायजेरियाच्या ओंडो राज्यात येतं. सोळाव्या वर्षी तो घरातून पळून सैन्यात गेला. जखमींच्या उपचारकेंद्रात त्याची नेमणूक झाली आणि मार्च १९४४ मध्ये कालादानच्या काठी जपानी सैन्याने त्या तळावर हल्ला केला. आयझॅक जबर जखमी झाला. त्याला आणि सिएरा लिओनच्या एका सहकाऱ्याला तिथल्या भातशेती करणाऱ्या मुसलमान कुटुंबाने नऊ महिने लपवून ठेवलं. घरधन्याचं नाव शुयिमान. कंदमुळांच्या मुलखातल्या शेतकऱ्याचा मुलगा भातखाचराच्या मालकामुळे वाचला. पुढे आयझॅकने आपली हकीकत स्वतः लिहिली आणि १९९९ मध्ये ती अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन विद्यापीठाने छापली. तिच्या मागावर बार्नबी फिलिप्स हा ब्रिटिश पत्रकार एमुरे-इलेपर्यंत गेला आणि तिथून आयझॅकचं आभाराचं पत्र घेऊन शुयिमानचं घर शोधत आराकानात पोचला. २०१२ मध्ये आयझॅक वारला. फिलिप्सचं ‘अनदर मॅन्स वॉर’ हे पुस्तक २०१४ साली आलं.

पर्यटनाच्या पुस्तकांत एमुरे-इलेसारख्या गावांना दोन ओळीही मिळत नाहीत. किल्ला नाही, समुद्र नाही, हॉटेल असलंच तर नावापुरतं. त्यामुळे तिथे जाणाऱ्याला पाहायला एकच गोष्ट उरते, लोकांचं काम.

योरुबा शेतकरी शेतात राहत नाही. घर गावात, शेत गावाबाहेर, कधी चांगलं कोसभर लांब. कामाच्या दिवसांत मुक्कामाला तिथे झोपडी असते आणि सणासुदीला, बारशाला, मयतीला माणूस गावात येतो. शेतकऱ्यांची वस्ती असूनही ही गावं दाट आणि मोठी. पत्र्याच्या, गंजून लाल झालेल्या छपरांची घरं एकमेकांना खेटून असतात. मध्यावर राजाचा वाडा आणि वाड्यासमोर बाजार. इथला राजा म्हणजे ओबा. त्याची सत्ता आज कागदावर फारशी नाही, पण मान शाबूत आहे. परक्या माणसाने गावात हिंडण्याआधी वाड्यावर किंवा गावच्या प्रमुखाकडे जाऊन यायचं, ही तिथली रीत. फोटो त्यानंतर.

नमस्काराच्या बाबतीत मराठी माणूस तिथे चटकन रुळेल. वडीलधाऱ्यांसमोर पुरुष जमिनीवर चक्क आडवे होतात आणि बायका गुडघे टेकतात. आपल्याकडे साष्टांग नमस्कार देवळापुरता उरला. तिथे तो लग्नात नवरदेवालाही चुकत नाही, आणि तोही मित्रमंडळींच्या रांगेसकट. पाहुण्याला सवलत असते, कमरेत वाकलं तरी चालतं. डाव्या हाताने काही द्यायचं-घ्यायचं नाही, जेवायचं उजव्या हाताने. हे तर सांगायलाच नको. काम करणाऱ्याच्या बाजूने मात्र मुकाट्याने जायचं नसतं. ‘ए कू इशे’ म्हणायचं, म्हणजे त्याच्या कामाची दखल घ्यायची. न बोलता पुढे जाणारा माणूस शिष्ट ठरतो. पुण्याच्या माणसाला हे थोडं जड जाईल.

कामांत सगळ्यात निवांत पाहावं असं म्हणजे गारी. ही कसाव्याच्या कंदाची, भाजून केलेली कोरडी कणी. नायजेरियात ती गरिबाच्या घरात असते, श्रीमंताच्या असते आणि वसतिगृहातल्या पोराच्या ट्रंकेत तर असतेच. कसाव्यात जगात पहिला नंबर नायजेरियाचा.

कंद उपटला की घड्याळ सुरू होतं. दोन-तीन दिवसांत काही केलं नाही तर तो आतून काळा पडतो. म्हणून सोलायचं काम गोतावळ्याने होतं. झाडाखाली बायका ठेंगण्या स्टुलांवर कोंडाळं करून बसतात, मध्ये मातीने माखलेल्या कंदांचा ढीग. सुरीने एक उभी चीर द्यायची, तपकिरी सालीखालचा जाड पापुद्रा पकडायचा आणि कंद हातात फिरवत तो सोलून काढायचा. आतला गर पांढराशुभ्र. लहान मुलींच्याही हातात सुरी असते आणि ती कुणी काढून घेत नाही.

धुतलेले कंद मग गिरणीत जातात. पूर्वी खिळ्याने भोकं पाडलेल्या पत्र्यावर हाताने किसत आणि बोटं सोलवटत. आता गावोगाव इंजिनावर चालणारी किसणी आहे. ती चालवणारा बहुधा पुरुष. सोलणं, धुणं, वाहणं, चाळणं, भाजणं सगळं बायकांकडे आणि यंत्र तेवढं पुरुषाकडे, दर पाटीमागे पैसे घेऊन. ही वाटणी आपल्याही ओळखीची आहे.

किसाचा ओला लगदा पोत्यात भरून पोतं घट्ट बांधतात आणि त्यावर दगड रचतात, किंवा लाकडी चौकटीत घालून जॅकने दाबतात. पांढुरकं पाणी गळत राहतं. पोतं तसंच दोन ते पाच दिवस राहू देतात. या मुदतीत दोन गोष्टी होतात, लगदा आंबतो आणि विष उतरतं. कच्च्या कसाव्यात लिनामारिन नावाचं द्रव्य असतं आणि त्यातून सायनाइड सुटतं. किसल्याने, आंबल्याने आणि शेवटी भाजल्याने ते जातं. प्रयोगशाळेत हे कळायच्या आधीपासून बायकांना माहीत होतं की घाईची गारी बाधते. कुणी एका दिवसात पोतं सोडलं तर शेजारीण विचारतेच.

पोत्यातून निघतो तो कोरडा, घट्ट गड्डा. तो हाताने चुरायचा, वेताच्या चाळणीवर घासायचा, वर राहिलेले धागे बाजूला टाकायचे. मग चूल. मातीच्या ओट्यात बसवलेली रुंद उथळ कढई आणि खाली लाकडं. भाजणारी बाई कढईला कुशी देऊन बसते, कारण समोरून धग आणि धूर सोसवत नाही. हातात भोपळ्याच्या कवटीचा तुकडा. त्याने किस कढईला दाबायचा, ओढायचा, उडवायचा, पुन्हा दाबायचा. थांबली की गुठळी झाली. आधी वाफ येते, आंबूस वासाची. हळूहळू वाफ कमी होते, आवाज बदलतो आणि ओल्या किसाची खसखस कोरड्या दाण्यांच्या खुळखुळाटावर येते. तिचं लक्ष त्या आवाजाकडे असतं. चिमूट तोंडात टाकून ती दाताखाली फुटते का बघते आणि घाणा उतरवते. नायजेरियाच्या पूर्व भागात यात पामतेल घालून पिवळी गारी करतात. योरुबांना पांढरी आवडते, इजेबू भागातली तर बारीक आणि चांगली आंबट.

किलोभर गारीला चार-पाच किलो कंद लागतात. बाजारात ती तराजूवर विकली जात नाही. ‘काँगो’ नावाच्या मापाने मोजतात आणि त्यावर शीग चढते. शीग केवढी यावर घासाघीस, आणि ती हाताने सावरून धरणारी विक्रेती गिऱ्हाइकाच्या नजरेला नजर देत नाही. योरुबांचा आठवडा चार दिवसांचा असल्याने खेड्यांतले जुने बाजार त्या हिशेबाने भरतात. म्हणजे बाजाराचा वार दरवेळी बदलणार. पाहुण्याने हे आधी विचारून घ्यावं.

गार पाण्यात भिजवून, साखर आणि शेंगदाणे घालून गारी दुपारी खातात. रात्री उकळत्या पाण्यात घोटून तिचा गोळा करतात, त्याला एबा म्हणतात. तो भाजीच्या दाट कालवणाशी, न चावता गिळायचा.

मराठी माणसाने ‘आम्हाला कसावा माहीत नाही’ असं तिथे सांगू नये. एकादशीला आपण तोच खातो. साबुदाणा याच कंदाच्या पिठुळाचा. फरक असा की साबुदाण्याला किसातून फक्त सत्त्व घेतात आणि चोथा वेगळा काढतात, गारीत गर सगळाच्या सगळा वापरतात. आणि आपल्या साबुदाण्याची जन्मकथाही दुसऱ्या महायुद्धातच आहे. मलायाहून येणारा साबुदाणा जपानी आक्रमणामुळे बंद पडला आणि १९४३ च्या सुमारास तमिळनाडूतल्या सेलममध्ये कसाव्यापासून तो बनवायला सुरुवात झाली. जपान्यांशी लढायला आफ्रिकेचे सैनिक मुंबईत उतरत होते तेव्हाच त्यांच्या घरचा कंद आपल्या उपासाच्या ताटात येऊन बसत होता. हा योगायोगच, पण खडकीत ती नावं वाचताना तो लक्षात असलेला बरा.

गारी रोजची, मानाचं पीक मात्र याम. आपल्या कोनफळाचा हा सख्खा भाऊ, आणि जगातल्या एकूण यामपैकी निम्म्याहून बरंच जास्त एकट्या नायजेरियात निघतं. आखूड दांड्याच्या रुंद कुदळीने माती ओढून गुडघाभर उंचीचे ढिगारे रचायचे, एकेका ढिगाऱ्यात कंदाचा तुकडा पुरायचा, वेल चढायला काठी रोवायची. हे काम पुरुषांचं आणि पाठ मोडणारं. नवा याम ऑगस्टच्या सुमारास येतो. उकडलेला याम उखळात दोघी-तिघींनी आळीपाळीने मुसळं घालून कुटला की इयान होतो. ओंडो-एकिती भागात पाहुण्यापुढे इयान आला नाही तर पाहुणचार झाला नाही असं समजतात. पैसा मात्र कोकोचा, ओंडो राज्य त्यात देशात आघाडीवर. शेंगा फोडून बिया केळीच्या पानांखाली पाच-सहा दिवस आंबवतात आणि मग रस्त्याच्या कडेला ताडपत्रीवर वाळवतात. गाडीवाले वळसा घालून जातात.

तरुण पोरं लागोसला जातात. कुदळ धरणारे हात म्हातारे होत चालले आहेत, ही तक्रार तिथल्या ओट्यांवर ऐकू येते. मावळातल्या पारांवरही येते.

जायचंच असेल तर नोव्हेंबर ते फेब्रुवारीच्या कोरड्या दिवसांत जावं, तेव्हा कच्चे रस्ते चालू असतात. सहारातून येणारी धूळ डोळ्यांत जाते, तेवढं सोसावं. पिवळ्या तापाची लस निघण्याच्या किमान दहा दिवस आधी टोचून घ्यावी आणि तिचं पिवळं कार्ड पासपोर्टसोबत ठेवावं. नायजेरियाहून परतणाऱ्याकडे ते नसेल तर भारतातल्या विमानतळावरून थेट विलगीकरणात जावं लागतं आणि तो मुक्काम सहा दिवसांपर्यंत असू शकतो.