दोन बटणं आणि एलईडीचा उजेड

काल भाचीने विचारलं, "मामा, आर्डुइनोची पिन एकतर 5 व्होल्ट देते, नाहीतर शून्य. मग एलईडी मंद कसा होतो?" प्रश्न इतका नेमका होता की इथेच सविस्तर लिहितोय.

एलईडी मंद होतच नाही! तो पूर्ण पेटतो आणि पूर्ण विझतो. आर्डुइनो उनोच्या 9 नंबर पिनवर सेकंदाला सुमारे 490 वेळा. डोळ्याला दिसतो तो सरासरी उजेड. पेटलेला वेळ वाढवला की उजेड वाढतो. हेच पीडब्ल्यूएम. अंधारात ब्रेडबोर्ड झर्रकन हलवून बघा, उजेडाची रेघ तुटक दिसेल.

उनोवर ही सोय फक्त 3, 5, 6, 9, 10 आणि 11 या पिनांवर आहे. पेटलेला वेळ ठरवणारा आकडा 0 ते 255. एलईडीला 220 ओहमचा रेझिस्टर लावाच.

हा आकडा बदलायला दोन बटणं: एक वाढवायला, एक कमी करायला. प्रत्येक बटणाचा एक पाय पिनला, दुसरा ग्राउंडला. कोडमध्ये पिनच्या आतला पुल-अप रेझिस्टर चालू केला की बाहेरचा रेझिस्टर लागत नाही; फक्त बटण दाबल्यावर पिन शून्य वाचते, हे लक्षात ठेवा.

बटणातली पट्टी दाबताना काही मिलिसेकंद थरथरते, त्यामुळे एकच दाब अनेकदा मोजला जातो. 50 मिलिसेकंद थांबून पुन्हा वाचा.

मला सगळ्यात आवडतो तो पुढचा भाग. दर दाबाला आकडा 25 ने वाढवला तर सुरुवातीला उजेड एकदम उसळतो, शेवटी फरकच कळत नाही. कारण उजेड किती पट वाढला, हे डोळा ओळखतो. म्हणून 1, 2, 4, 8 असं दुप्पट करत 128 आणि मग 255 पर्यंत जा. प्रत्येक पायरी सारखी वाटेल.

कुठे अडलात तर कमेंटमध्ये जोडणीचा फोटो टाका, नक्की बघतो.